‘चव आवडत नाही’ : हेअर यांची खरेदी-यादी वर्गात चालवताना

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नेसकॅफेपुढची अडचण वरवर साधी दिसत होती. कॉफी दुकानात मिळत होती. महायुद्धात सैनिकांनी ती भरपूर प्यायली होती, त्यामुळे नाव घराघरात पोचलं होतं. वेळ वाचतो हेही कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तरी बऱ्याच गृहिणी ती घेत नव्हत्या. सर्वेक्षणात आधी विचारलं जाई, ‘तुम्ही इन्स्टंट कॉफी वापरता का?’ आणि ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘त्यात काय आवडत नाही?’ बहुतेक उत्तरं एकाच सुरात यायची : चव आवडत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांना हे उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटलं. त्यांनी काय केलं ते ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’च्या एप्रिल १९५०च्या अंकात छापून आलं आणि तेव्हापासून ग्राहक वर्तनाच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याला अर्धं पान मिळत आलं आहे. त्या अर्ध्या पानातच घोळ आहे. तिथे प्रकरण ‘लोक खरं बोलत नाहीत, म्हणून आडून विचारा’ एवढ्यावर संपतं. विद्यार्थी ती युक्ती घेऊन जातात, आणि हेअर यांनी त्यानंतर केलेलं काम, म्हणजे प्रकरणाचा खरा ऐवज, वर्गात येतच नाही. खाली दिलेली मांडणी दोन तासिकांची आहे. पहिली प्रयोगाची, दुसरी त्या प्रयोगावर शंका घेण्याची.

प्रयोग

हेअर यांनी सात ओळींची एक खरेदीची यादी केली :

हॅम्बर्गरचा खिमा, दीड पौंड
वंडर ब्रेड, दोन
गाजरांची जुडी
रमफर्ड बेकिंग पावडर, एक डबा
नेसकॅफे इन्स्टंट कॉफी
डेल मॉन्टे पीच, दोन डबे
बटाटे, पाच पौंड

दुसरी यादी हुबेहूब हीच होती, फक्त पाचव्या ओळीत नेसकॅफेच्या जागी एक पौंड मॅक्सवेल हाऊसची दळलेली कॉफी. शंभर जणींपैकी पन्नास जणींना पहिली यादी दिली, पन्नास जणींना दुसरी. आणखी एक यादी आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता. सूचना साधारण अशी होती : यादी वाचा, हे सामान आणणारी बाई डोळ्यांपुढे येईपर्यंत विचार करा, मग तिचा स्वभाव थोडक्यात लिहा, शक्य तिथे कशावरून तसं वाटलं तेही लिहा.

कॉफीबद्दल कुणालाच काही विचारलं नव्हतं. तरी नेसकॅफेची यादी मिळालेल्यांपैकी ४८ टक्क्यांनी त्या बाईला आळशी म्हटलं; मॅक्सवेल हाऊसच्या यादीवर हाच शेरा ४ टक्क्यांचा. घरखर्चाचं आणि कामाचं नियोजन तिला जमत नाही, असं पहिल्या गटात ४८ टक्के आणि दुसऱ्यात १२ टक्के जणींनी लिहिलं. उधळी : १२ आणि शून्य. चांगली पत्नी नाही : १६ आणि शून्य. काटकसरी म्हणावं तर उलट, ४ आणि १६.

हे आकडे आधी सांगू नयेत. आधी प्रयोग करायचा.

साठ जणांचा वर्ग असेल तर तीन गट पाडावेत. एकाला पहिली यादी, दुसऱ्याला दुसरी आणि तिसऱ्याला सरळ प्रश्न : ‘तुम्ही हे उत्पादन वापरत नसाल तर का?’ हा तिसरा गट बहुतेक शिक्षक वगळतात. मग आडून विचारलेल्याची तुलना सरळ विचारलेल्याशी करायची म्हटलं तर हातात काहीच नसतं. कागद वर्गात येण्याआधीच पत्ते पिसावेत तसे पिसून ठेवावेत. डाव्या रांगांना एक यादी आणि उजव्या रांगांना दुसरी, असं वाटलं की हिशेब बिघडला. एकत्र बसणारी मुलं एकमेकांसारखी असतात. मागच्या बाकांची उत्तरं पुढच्या बाकांपेक्षा वेगळी आली तर ती कॉफीमुळे की बाकामुळे, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही याद्या एकाच टायपात असाव्यात आणि बदललेली ओळ दोन्हीकडे साधारण सारख्याच लांबीची असावी. कागदाच्या मागे कोपऱ्यात बारीक १ किंवा २ लिहून ठेवावं. उत्तराला दहा मिनिटं पुरतात.

आता कोडिंग, म्हणजे लिहिलेली उत्तरं वर्गवारीत टाकून मोजणं. पाठ्यपुस्तकात ‘४८ टक्के’ तयार छापलेलं असतं, त्यामुळे असा आकडा बसून तयार करावा लागतो हेच मुलांच्या लक्षात येत नाही. दोघांना पुढे बोलवावं. कुठला कागद कुठल्या यादीचा हे त्यांना माहीत नसावं. यादी वर आणि उत्तर खाली छापलेलं असेल तर वरचा भाग कापून टाकावा. एवढ्यानंही भागत नाही, कारण उत्तरातच ‘ती इन्स्टंट कॉफी पिते म्हणजे…’ असं येतं. असे शब्द तिसऱ्या कुणीतरी आधी काळ्या पेनानं झाकावेत. मग दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक वर्णनावर खुणा करायच्या : आळशी, नियोजनशून्य, काटकसरी, आणि वर्गानं ठरवलेली एखादी वेगळी वर्गवारी.

भांडण इथे सुरू होतं आणि ते होऊ द्यावं. ‘सतत घाईत असणारी’ आळशी म्हणायची का? ‘नोकरी सांभाळून घर चालवणारी’ ही स्तुती की सबब? ‘स्वयंपाकात रस नाही’ कुठे टाकायचं? एकानं बारा कागदांवर ‘आळशी’ची खूण केली आणि दुसऱ्यानं सातांवर, तर वर्गाला विचारावं, आपला आकडा आता कोणता? दोन कोडर किती जुळले हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कापा गुणांक वापरतात. सूत्र त्या दिवशीच द्यायला हवं असं नाही, पण नुसती टक्केवारी पुरेशी नसते, कारण काही खुणा योगायोगानंही जुळतात, एवढं तिथल्या तिथे दाखवता येतं.

फळ्यावरचा हिशेब

वर्गाचे आकडे फळ्याच्या एका बाजूला आणि हेअर यांचे दुसऱ्या बाजूला लिहावेत. मात्र हेअर यांचे आकडे टक्क्यांत लिहू नयेत, माणसांत लिहावेत. पन्नास जणींच्या गटात ४८ टक्के म्हणजे चोवीस जणी आणि ४ टक्के म्हणजे दोन. चोवीस विरुद्ध दोन हा फरक योगायोगानं पडणं अवघड आहे. दोन प्रमाणांची नेहमीची चाचणी लावली तर झेडची किंमत, म्हणजे फरक योगायोगाच्या चढ-उताराच्या किती पट आहे तो आकडा, पाचाच्या आसपास येते.

आता ‘चांगली पत्नी’ ही ओळ घ्या (वरच्या ‘चांगली पत्नी नाही’हून ही वेगळी). नेसकॅफेच्या बाजूला ४ टक्के, मॅक्सवेल हाऊसच्या बाजूला १६. ऐकायला चौपट. माणसांत मोजलं तर दोन आणि आठ. इथे झेड बरोबर दोनावर येतो, आणि छोट्या संख्यांसाठीची फिशरची नेमकी चाचणी लावली तर पाच टक्क्यांची रेषा (योगायोगाची शक्यता याहून कमी असावी, ही रूढ मर्यादा) पार होत नाही. ‘काटकसरी’चंही तेच. एकाच तक्त्यातल्या दोन ओळींपैकी एक भक्कम आणि दुसरी डळमळीत असू शकते हे मुलांनी स्वतः गणित करून पाहावं. माझ्या मते या प्रकरणातून वर्गाच्या हाती लागणारी ही सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे, आणि नेमकी हीच पाठ्यपुस्तकात नसते.

आणखी एक. हे शेरे आपणहून लिहिलेले होते, ‘ती आळशी आहे का, हो की नाही’ असं कुणी विचारलेलं नव्हतं. म्हणजे उरलेल्या बावन्न टक्क्यांना ती कामसू वाटली असा अर्थ निघत नाही. त्यांनी त्या बाबतीत काही लिहिलं नाही, इतकंच. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा अर्थ हमखास काढला जातो.

दुसरी तासिका : शंका

सुरुवात एका प्रश्नानं करावी. दोन याद्यांत फरक किती गोष्टींचा आहे? सगळे म्हणतात एकाचा. मग पाचवी ओळ पुन्हा वाचायला लावावी. प्रकार बदलला आहे, इन्स्टंटच्या जागी दळलेली. पण ब्रँडही बदलला आहे, नेसकॅफेच्या जागी मॅक्सवेल हाऊस. आळशीपणाचा ठपका झटपट कॉफीवर आला की त्या नावावर? हेअर यांच्या मूळ रचनेतून हे सुटत नाही. सोडवायचं तर चार याद्या लागतील, दोन ब्रँड आणि दोन प्रकार. ही रचना वर्गाकडून काढून घ्यावी, शिक्षकानं आयती देऊ नये.

हेअर यांनी स्वतः पुढे दोन पडताळण्या केल्या. पहिलीत त्यांनी दोन्ही याद्यांच्या शेवटी बाजारात नसलेलं एक उत्पादन घातलं, ब्लूबेरी पायचं तयार मिश्रण. प्रश्न असा की लोक इन्स्टंट कॉफीवर नाराज आहेत की स्वयंपाकातल्या कुठल्याही आयत्या वस्तूवर? निकाल दुसऱ्या बाजूनं गेला. पायचं तयार मिश्रण यादीत आलं की दळलेली कॉफी घेणाऱ्या बाईवरही तोच ठपका आला आणि कॉफीमुळे पडणारा फरक पुसट झाला. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं ही बातमी पहिल्या निकालापेक्षा मोठी आहे. दोष या एका डब्याचा नाही, ‘आयतं’ या सगळ्या वर्गाचा आहे. मग नेसकॅफेनं एकट्यानं जाहिरात बदलून किती साधेल?

दुसरी पडताळणी थेट घरात जाऊन केली. संशोधक गृहिणींना घरी भेटले, यादीवरचं वर्णन लिहून घेतलं आणि मग काहीतरी निमित्त काढून फळीवर काय आहे ते पाहिलं. ज्यांनी नेसकॅफेवाल्या बाईबद्दल बरं लिहिलं होतं त्यांच्याकडे इन्स्टंट कॉफी असण्याचं प्रमाण जास्त होतं, नावं ठेवणाऱ्यांकडे कमी. आता कागदावरचं मत आणि घरातली खरेदी यांच्यात दुवा दिसला. पण दुवा कोणत्या दिशेचा? आळशी वाटते म्हणून घेतली नाही, की घरात आहे म्हणून तिच्याबद्दल चांगलं लिहिलं? स्वतःच्या फळीवर डबा असलेली बाई त्याच डब्यावरून दुसरीला कशाला नावं ठेवेल? हा प्रश्न कुणी विद्यार्थ्यानं विचारला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्यावर वेळ द्यावा.

निमित्त काढून फळी पाहणं आज संशोधनाच्या नीतिनियमांत बसत नाही, हेही इथेच बोलून टाकावं. आपल्या वर्गातही दोन याद्या लपवलेल्या असतात, म्हणून तासिका संपण्याआधी सगळं उघड करावं, आणि कुणाला आपला कागद परत हवा असेल तर द्यावा.

चव खरंच वाईट असेल तर?

या प्रकरणाचा रूढ निष्कर्ष असा की ‘चव आवडत नाही’ हे निमित्त होतं, खरं कारण आळशी ठरण्याची भीती. शिकवायला छान, पण पुराव्यापेक्षा पुढे गेलेला. नेसकॅफे १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली. ब्राझीलच्या पडून राहिलेल्या कॉफीचं काय करायचं या प्रश्नातून नेस्लेत काम सुरू झालं आणि माक्स मॉर्गेनथालर यांनी ती पूड तयार केली. कॉफीचा वास टिकावा म्हणून तिच्यात कर्बोदकं मिसळावी लागत. त्यांच्याशिवाय निव्वळ कॉफीची पूड करण्याची पद्धत नेस्लेला १९५२ साली साधली. म्हणजे हेअर यांचा लेख छापून आला तेव्हा नेसकॅफेच्या डब्यात नुसती कॉफी नव्हतीच. ‘चव आवडत नाही’ म्हणणाऱ्या बाईनं कदाचित अगदी खरं सांगितलं होतं!

दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. कोणतं किती, हे कळायला डोळे बांधून चव घ्यायला लावणारी चाचणी हवी होती आणि हेअर यांच्या लेखात ती नाही. ती कशी आखायची हा घरचा अभ्यास. तीन कप, दोनांत एकच कॉफी आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा कप ओळखायचा. नुसता अंदाज केला तरी तीनांत एकदा बरोबर येणारच, त्यामुळे त्यापेक्षा किती जास्त जणांनी ओळखला ते पाहायचं. आणि मग दुसरी फेरी लेबलं लावून. राल्फ ॲलिसन आणि केनेथ ऊल यांनी बिअरवर असंच केलं होतं, १९६४ साली. लेबल नसताना पिणाऱ्यांना ब्रँडमधला फरक फारसा सांगता आला नाही. लेबलं लावल्यावर त्यांनी दिलेले गुण बदलले.

निर्णयाचा प्रश्न वर्गापुढे ठेवायची वेळ ही, त्याआधी नाही. तुम्ही नेसकॅफेचे मार्केटिंग व्यवस्थापक आहात, साल १९५०, हातात हेअर यांचे तिन्ही निष्कर्ष. पैसा उत्पादन सुधारण्यात घालाल, की वाचलेला वेळ ही बाई कशासाठी वापरते ते दाखवणाऱ्या जाहिरातीत, की जिला कुणी आळशी म्हणण्याचा प्रश्नच येत नाही अशा ग्राहकाकडे वळण्यात? मुलं दुसऱ्या पर्यायावर तुटून पडतात, कारण त्यात घोषवाक्य लिहायला मिळतं. त्यांना थांबवून विचारावं, पायच्या मिश्रणाच्या निकालानंतर हा खर्च एकाच ब्रँडनं का सोसावा? आणि चवीची तक्रार खरी निघाली तर या जाहिरातीनं पहिला डबा विकला जाईल, दुसरा जाईल का?

‘मग जाहिरात बदलली आणि विक्री वाढली’ असा शेवट या प्रकरणाला लावायचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो. तो आवरावा. मार्केटिंगच्या वर्गांत अशा गोड गोष्टींची कमी नाही. केकच्या तयार मिश्रणात ताजं अंडं घालायची सोय ठेवली आणि गृहिणींची अपराधी भावना गेली, ही गोष्ट ग्राहकांच्या मनातली कारणं शोधणारे मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट डिक्टर यांच्या नावावर सांगतात. पण पिट्सबर्गच्या डफ कंपनीनं ताज्या अंड्याच्या मिश्रणाचं पेटंट १९३०च्या दशकातच घेतलं होतं, डिक्टर अमेरिकेत नाव काढायच्या आधी.

वीस वर्षांनी

१९७० साली, पुन्हा ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्येच, फ्रेडरिक वेब्स्टर आणि फ्रेडरिक फॉन पेखमन यांनी हाच प्रयोग नव्यानं करून छापला. आळशीपणाचा डाग निघून गेलेला होता. इन्स्टंट कॉफी सगळ्यांच्या घरात आली होती आणि तिच्यावरून कुणी कुणाची परीक्षा करत नव्हतं. सोपं स्पष्टीकरण : समाज बदलला. ते बरोबरही असेल. पण मधल्या काळात पूड निव्वळ कॉफीची झाली होती, १९६०च्या दशकात फ्रीझ-ड्राय (गोठवून सुकवलेली) कॉफी आली होती, आणि दळलेली कॉफी, बेकिंग पावडर यांसारख्या वस्तूंचा यादीतला अर्थही तोच राहिला नसणार. बेकिंग पावडर आणणारी बाई घरी भाजते-शिजवते. तिच्या हातात इन्स्टंट कॉफी विसंगत दिसते. म्हणजे ठपका त्या एका ओळीचा, की दोन ओळींच्या न जुळण्याचा? या पद्धतीच्या ग्राह्यतेवर पुढे जे लिखाण झालं त्यात यादीतल्या बाकीच्या वस्तूंचा हा प्रश्न कळीचा आहे.

म्हणूनच आजच्या वर्गात कॉफी वापरून काही हाती लागणार नाही. नवी यादी लागते, आणि ती करताना एकच कसोटी : जिथे कष्ट घेणं हा गुण मानतात आणि उत्पादन ते कष्ट वाचवतं. विद्यार्थ्यांसाठी मला चालणारी यादी फोनमधल्या ॲपची आहे. नकाशा, बँक, कॅलेंडर, गाणी, शब्दकोश, हवामान, आणि सातवं ॲप एका यादीत टिपणं काढायचं, दुसऱ्यात निबंध लिहून देणारं एआयचं. दोन्हीकडे ब्रँडचं नाव घालायचं नाही, म्हणजे हेअर यांच्या रचनेतली पहिली फट बुजते. सूचना तीच : हा फोन ज्या विद्यार्थ्याचा आहे त्याचं वर्णन करा. तिसऱ्या गटाला सरळ प्रश्न : तुम्ही असं ॲप वापरत नसाल तर का? ‘उत्तरं चुकीची येतात’ हे ‘चव आवडत नाही’चंच भावंड असू शकतं, आणि ते खरंही असू शकतं.

वर्ग मोठा असेल तर याद्या चार कराव्यात आणि फोन ‘त्याचा’ की ‘तिचा’ हेही बदलावं. हेअर यांच्या तक्त्यातला ‘चांगली पत्नी’ हा रकाना वाचून मुली हसतात किंवा चिडतात. तेच मोजमाप आपण आज कुठल्या नावानं करतो, हे या चार याद्यांतून दिसू शकतं. मात्र साठ जणांचे चार गट केले की प्रत्येकात पंधराच उरतात आणि तीन-चार कागदांनी टक्केवारी कुठच्या कुठे जाते. म्हणून दोन-तीन तुकड्यांचे कागद एकत्र करावेत, पण कोडिंगच्या व्याख्या पहिल्या तुकडीच्या आधी लिहून ठेवाव्यात, निकाल बघून नाही.

गुण देताना ‘लोकांच्या मनात काय होतं’ या परिच्छेदाला मी फारसे देत नाही. प्रत्येक गटानं एक पान लिहायचं : आपल्याला दिसलेल्या फरकाची तीन वेगवेगळी कारणं, आणि प्रत्येकाला खोटं पाडू शकेल अशी एकेक चाचणी, तिच्यात कोण भाग घेईल आणि काय मोजायचं यासकट. जाहिरातीचं घोषवाक्य जोडलं तरी चालेल, त्याला गुण नाहीत.